दवाखान्याची आखाजी

बेबाबाईशी भांडायचं असेल तर आधी पोटभर जेवून यावं, असं सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावात म्हणतात. खोटं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाल्याच्या अलीकडे गावच्या बाया, पलीकडे शेजारच्या गावच्या बाया, आणि मग एकमेकींची अशी काही उणीदुणी निघतात की विचारू नका. त्यात बेबाबाई सगळ्यांच्या पुढे. साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत. नियम एकच: पाण्यापलीकडून आलेलं बोलणं मनाला लावून घ्यायचं नाही. जी चिडली ती हरली.

अशा बाईला यंदा सुनेच्या काळजीनं गप्प केलं होतं. हेमलताला ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ आणि सासूचे हातवारे बघून ती सगळं समजून घेते. पहिल्या बाळंतपणात दवाखान्यात बेबाबाईला दाराबाहेर काढलं, आणि आत सगळ्यांच्या तोंडावर मास्क. कोण काय सांगतंय ते पोरीला कळेना, वर ऐकत नाही म्हणून तिलाच दरडावलं. बाळ सुखरूप झालं, पण रक्त फार गेलं. आता दुसरी खेप, आठवा सरत आलेला, आणि हेमलतानं हातांनी ठणकावून सांगितलं होतं, या वेळी घरीच. घरी पुन्हा तसंच रक्त गेलं तर? बेबाबाईचा जीव टांगणीला लागला होता.

त्यातच पारोळ्याच्या रिखबचंद शेठची नात रुची गावात आली. आपला दवाखाना कसा हवा हे लोकांनीच खेळता खेळता सांगायचं, असा तिचा अभ्यास. रंगीत पुठ्ठे, डिंक, माती मांडून तिनं बायांना दवाखान्याच्या व्हरांड्यात बसवलं. शेजारी खुर्च्यांवर कोण? लताबाई सिस्टर आणि डॉक्टर योगेंद्र! आता ज्यांच्याकडून उद्या सुई टोचून घ्यायची, त्यांच्या तोंडावर कोण बोलेल? एकीनं मातीचं फूल केलं, दुसरीनं गणपती. "बठ्ठं बेस शे," सगळं छान आहे, असं सगळ्या म्हणाल्या. रुचीचं तोंड एवढंसं झालं.

बेबाबाईला राहवेना. "पोरी, गोड इचारशी ते गोडच ऐकशी. आखाजी खेय!"

आखाजी खेळायला तिनं खडूनं फरशीवर नाला काढला. इकडे गाव, तिकडे दवाखाना. नियम सांगितला.

"मी कुणीकडे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही पाण्यात उभे राहा साहेब, दोन्हीकडचं ऐका," बेबाबाई म्हणाली.

मग ती पदर खोचून उभी राहिली. "वं लताबाई, तुना दवाखाना शे का तुरुंग? सासूले बाहेर काढस, सूनवर वरडस!"

लताबाई मूळची धुळ्याकडची, ती काय मागे राहते? "एका बाळंतिणीमागे आठ जणी येता! पलंगावर बसून भाकरी खाता, तंबाखू चोळता. मी बाळ झेलू की तुमच्या चपला आवरू?"

गाव खो खो हसलं. खरंच तर होतं ते.

तेवढ्यात बायांत बसलेली हेमलता उठली. तिनं पदर तोंडाभोवती गुंडाळला, नुसते डोळे उघडे ठेवले आणि भुवया चढवून, बोट नाचवून लताबाईवर आवाजाशिवाय ओरडायला लागली. हुबेहूब लताबाई! बायांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. लताबाईही हसली. मग म्हणाली, "पण म्हणतेय काय ती?" हेमलता पदराआडून ओरडतच राहिली. "अगं, काय म्हणतेय? कुणीतरी सांगा ना!" कुणालाच कळत नव्हतं. हसू आपोआप थांबलं.

लताबाई मटकन खाली बसली. नियम मोडून तिनं सगळं मनाला लावून घेतलं होतं, तरी कुणी तिला हरली म्हटलं नाही.

"एक सोबतीण आत घ्यायला वरून कधीच ना नव्हती," डॉक्टर ओशाळून म्हणाले, "आपणच दार लावून घेतलं." तोंड दिसेल असा पारदर्शक मास्क रुचीनं जळगावहून आणायचं कबूल केलं. हेमलता मात्र हो म्हणाली नाही. तिनं नुसतं बघून घेतलं.

मग लताबाई दर दोन दिवसांनी बेबाबाईच्या ओट्यावर येऊन बसू लागली, हातांची बोली शिकायला. बेबाबाई शिकवायची आणि चुकलं की शिव्यांची लाखोली वाहायची. तिसऱ्या आठवड्यात, कळा सुरू झाल्या तेव्हा, हेमलतानं स्वतःच दवाखान्याच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

आत बेबाबाई उशाशी हात सरसावून तयार. पण हेमलता बघत होती लताबाईकडे. थांब. श्वास घे. आता! सगळं हातांनीच. मुलगी झाली, रक्तही बेतानंच गेलं.

हेमलतानं बाळाच्या कानाला बोट लावलं आणि लताबाईकडे पाहिलं. हाच प्रश्न बेबाबाईला नऊ महिने छळत होता, पण विचारायची छाती झाली नव्हती.

लताबाईनं सावकाश हात हलवले: तपासून घेऊ. नसलं ऐकू येत, तर मला आता बोलता येतं की.

"बोलता येस म्हने! निम्मं चुकस!" बेबाबाई म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली.