नेट कॅफेत उघडं राहिलेलं माझं पत्र

मंडळी, मी परत त्याच नेट कॅफेतून लिहितेय.

आपल्या सिनेमा क्लबच्या ईमेल ग्रुपवर, त्या युरोपियन सिनेमातली बायको संसार सोडून जाते, यावर तुम्ही भांडत होतात. म्हणून आज दुपारी केजच्या नेट कॅफेत बसून मी तुम्हाला लिहिलं, की लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मीही शाळेत बोर्डिंगला असतानाची पत्र्याची पेटी घेऊन एसटी स्टँडवर दोन तास बसले होते. मग परत फिरले. घरात कुणालाच हे माहीत नाही.

घरी पोचल्यावर आठवलं, ईमेलचं खातं बंदच केलं नाही! धावत आले. दहावीच्या निकालाची गर्दी, आणि माझ्याच खुर्चीत धाकटे दीर, मुलीचा नंबर शोधायला आलेले.

"वैनी, पास झाली पोरगी! अन् तुमचं उघडंच व्हतं, म्या बंद केलं."

"वाचलंत, भाऊजी?"

"वाचलं की. त्यात मला नवं काय? त्या दिवशी पानटपरीमागं म्या उभा व्हतो. तुमी घराकडं वळूस्तोवर हाललो न्हाई."

आता ते पेढे घेऊन आमच्याच घरी गेलेत, ह्यांच्याकडे.

तीस वर्षं गप्प राहिलेला माणूस आजही गप्प राहील ना? कुणीतरी उत्तर द्या. तोवर मी या खुर्चीतून उठत नाही.