बंद केलेल्या लेयरवरची वाट

इथं लिहायचा माझा अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही… तरी लिहितोय.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भोरला शिकता शिकता मी नसरापूरच्या एका आर्किटेक्टकडे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचो. मार्गासनीपुढच्या आमच्या बौद्धवाडीला लागूनच बंगल्यांचे प्लॉट पडणार होते, ते काम आमच्या ऑफिसात आलं. वाडीची स्मशानाकडे जाणारी पायवाट त्याच जमिनीतून होती.

अशा नकाशात लेयर असतात, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच म्हणा. प्लॉट एकावर, झाडं दुसऱ्यावर, वाटा तिसऱ्यावर. नको तो बंद करायचा.

साहेब म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या प्रिंटला वाटेचा लेयर बंद ठेव. मढ्याची वाट बघून कोण बंगला घेईल?"

बंद केला. स्क्रीनवरून वाट गेली, पण प्रिंटवर तुटक रेघेत हजर!

"झोपतोस काय रे?" साहेब हसले.

पुन्हा तेच. शेवटी लेयरच पुसून टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला… तरी वाट आलीच. आणि आता तिला वळण होतं. मोजणीत ती सरळ होती, मीही सरळच काढली होती. कागदावर मात्र ती मध्येच उंबराकडे वळत होती – तिरडी टेकवून खांदेकरी बदलतात, त्या विसाव्याकडे. ती जागा ऑफिसात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

समोर प्लॉट बघायला आलेल्या पुण्याच्या एक बाई बसल्या होत्या. "अहो, ही रेघ कसली?"

"काही नाही मॅडम, प्रिंटरचा डाग," साहेब म्हणाले.

त्या गेल्यावर साहेब माझ्याकडे वळले. "तुमच्याच वाडीची वाट ना? मुद्दाम करतोस! मशीनवर बसवलं, त्याचे हे पांग फेडलेस?"

"साहेब, आईशप्पथ, मी नाही—"

"उद्यापासून येऊ नकोस."

घरी सांगितलं तर आबा, म्हणजे माझे वडील, हसले. "म्हंजी तुज्या मशिनला बी वाट ठावं हाय. सायबालाच दिसंना व्हय!" पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

मुद्दाम केलं असतं तर आज छाती पुढं काढून सांगितलं असतं. पण मी काहीच केलं नव्हतं.

माझ्या जागी आलेल्या मुलाला नंतर विचारलं. "प्रिंट? एकदम क्लीन येतात. वाट कसली?" फाईल तीच, प्रिंटर तोच. असं का, ते मला आजही सांगता येत नाही.

प्लॉट सगळे विकले गेले, भोवती कुंपण आणि गेट आलं. मी पुण्यात कामाला लागलो. एका रविवारी आबांचा फोन आला.

"तुजा चुलता गेला रं. परवाच नेलं, तुला कळवाय नंबरच लागंना. वाचमननं गेट उघडलं न्हाई. म्हनला, प्रायवेट हाय. डांबरीनं फिरून न्यावं लागलं."