मुबशिरा मॅडमचं विषामृत

राजारामपुरीत एका शाळेच्या मागं सिमेंटचं मैदान आहे. तिथं संध्याकाळी मुबशिरा स्केटिंग शिकवते. शिकवते म्हणजे काय, पोरांच्या पायाला चाकं बांधते आणि त्यांच्याशी खेळते. गुडघे वाकवा म्हणून घसा फोडला तरी एक पोर वाकत नाही. ही जमिनीवर लिमलेटच्या गोळ्या पसरते, की सगळी वाकतात. थांबायला शिकवायचं तर विषामृत. "विष" म्हणून ज्याला हात लागला तो जागच्या जागी पुतळा. कुणी येऊन "अमृत" म्हणून शिवलं की सुटका. तिचे वडील फक्रुद्दीनचाचा रिक्षांची सीटकव्हरं शिवतात. उरलेल्या रेक्झिनचे गुडघ्याचे पॅड त्यांनीच करून दिलेत, त्यामुळे पडलं तरी फारसं लागत नाही.

सात वर्षांची संयोगिता मात्र महिना झाला तरी मैदानाच्या कडेचा कठडा सोडेना. तिला कागलहून मोटारसायकलवर आणायचे तिचे आजोबा, आण्णा. दुधाचा धंदा आणि आवाज असा की रस्त्यावरची माणसं वळून बघतील. नात जरा डगमगली की हे चपला वाजवत मैदानात, आणि पोर उचलून कडेला.

"पडू द्या की जरा तिला," मुबशिरा म्हणायची.

एक दिवस आण्णा भडकलेच. "पडायला आणलीया व्हय हिला? आनि ह्यो कसला क्लास? नुसता खेळ! आज कठडा सुटला तर सुटला, न्हाईतर उद्यापास्नं बंद."

संयोगिताचं तोंड एवढंसं झालं. तिला हा क्लास जिवापाड आवडायचा. मुबशिराच्या जागी मी असते तर आण्णांना चार शब्द सुनावले असते. मुबशिरानं त्यांना मैदानाच्या मधोमध बोलावलं आणि खांद्याला हात लावला.

"विष! आता हलायचं न्हाय, आण्णा. हललासा तर डाव गेला."

पोरं खिदळली. आण्णाही हसले, पण उभे राहिले. डावात आल्यावर रडीचा डाव खेळणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"आण्णांना कोण सोडवणार?" मुबशिरा ओरडली आणि बाकीच्या पोरांच्या मागं लागून एकेकाला पुतळा करत सुटली. शेवटी कठड्याशी एकटी संयोगिता उरली.

तिनं हात सोडला. जरा पुढं आली आणि धपकन पडली. आण्णांचा पाय उचलला गेला.

"आण्णा, हलू नका!" सगळे पुतळे एकदम ओरडले.

पाय खाली आला. म्हाताऱ्याचा जीव कासावीस झाला होता, डोळ्यांत पाणी होतं. संयोगितानं त्यांच्याकडं बघितलं, जरा वाट बघितली. आण्णा येत नाहीत म्हटल्यावर तिनं एक गुडघा टेकला, दुसऱ्यावर दोन्ही हात ठेवले आणि उठली. लटपटत आली ती थेट त्यांच्या पोटावर आदळली.

"अमृत! सुटलासा, आण्णा!"

आण्णांचे हात तिला उचलायला पुढं आले. मग त्यांनी ते पाठीमागं घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"मला काय धरून बसलीस? बाकीची अडकल्यात की. जा, सोडव त्यास्नी."