शेवटचा उद्गार

खळ दिलेल्या पांढऱ्या साडीचा वास आला, की मला पूर्ण्याच्या रेल्वे वसाहतीतल्या आमच्या लहानशा चर्चमधला एक उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आठवतो. त्या दिवशी बायका पांढऱ्या साड्या नेसतात, आणि वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर मंडळीतली सात माणसं बोलतात. वडील जाऊन महिनाच झाला होता, आणि शेवटचा उद्गार, ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’, चर्चच्या पाळकांनी पुण्याहून आलेल्या माझ्या मोठ्या भावाला दिला, कारण वडिलांचा प्राण गेला तेव्हा तो उशाशी होता. मी दवाखान्यात खाली औषधाच्या रांगेत होते. वडिलांनी हात कसा दाबला, डोळे कसे मिटले, हे दादा सांगत गेला आणि बायका पदराने डोळे पुसू लागल्या. मला रडू आलं नाही; नुसता हेवा वाटला. इतकी वर्षं त्यांच्याजवळ मी राहिले होते. येशू कुणाच्याही घरी जेवायला बसायचा, हे वडिलांना सगळ्यात आवडायचं, आणि ते दादाला ठाऊकही नव्हतं. बाहेर आल्यावर शेजारच्या मावशी म्हणाल्या, “लय रडवलं गं तुझ्या दादानं. पण तुझा बाप जगायचा कसा, ते काईच सांगितलं न्हाई.” “मला कुणी विचारलंच नाही, मावशी.” “मंग मी इचारायले की,” म्हणत त्या पायरीवर बसल्या. ऊन उतरेपर्यंत मी बोलत राहिले. हेवा मात्र पुरता गेला नाही. आजही चर्चमध्ये सगळ्यांबरोबर एका सुरात विश्वासांगीकार, आमच्या श्रद्धेची कबुली, म्हणताना येशूच्या जन्मानंतर लगेच त्याचं दुःख आणि मरण येतं, तेव्हा मी मध्ये जरा थांबते, आणि मंडळी माझ्यापुढे निघून जाते.