कोलूच्या फोटोतला ठिपका

मला फोटोंचा सोस आहे, आणि तो मी लपवत नाही. देवळात गेले की फोटो, कॉफी प्यायले की फोटो. वर दोन ओळी खरडायच्या, जागेचा ठिपका लावायचा आणि जगाला सांगून मोकळं व्हायचं. मी साताऱ्याची, आमचे हे तंजावरच्या मराठी घराण्यातले. ते म्हणायचे, "चण्याचं सुंडल खाल्लंस तिथंही झेंडा रोवलास का?"

चेन्नईत महापूर आला त्या वर्षी वेस्ट मांबलममध्ये कमरेइतकं पाणी चढलं. यांची आत्या तिथं पहिल्या मजल्यावर एकटी, आणि आम्ही दूर उपनगरात, तांबरमला अडकलेलो. सकाळी तिचा फोन आला, "इन्सुलिन सरलं रे, बाळा." एवढं बोलून फोन बंद पडला तो पडलाच. आई गेल्यावर यांना तिनंच वाढवलेलं. हे पुन्हा पुन्हा तिचा नंबर फिरवत राहिले.

मी लगेच नेटवर टाकलं: एकटी म्हातारी, इन्सुलिन हवं, गल्लीचं नाव, घर नंबर चौदा. मदतीला होडी घेऊन फिरणाऱ्या एका मुलीचं तासाभरात उत्तर आलं, "चौदाला जाऊन आलो. तिथं बंद दुकान आहे."

यांनी कपाळावर हात मारला. चेन्नईत घरांना दोन नंबर, जुना आणि नवा. चौदा हा जुना! नव्या नंबराची पाटी दारावर आहे, पण आमच्या घराण्यात मान जुन्यालाच. नवा कुणी पाठच केला नव्हता. असा संताप आला म्हणून सांगू!

मग एकदम आठवलं. दीड महिन्यापूर्वीच नवरात्रात आत्याच्या कोलूचा, सात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांचा, मी फोटो काढला होता. फोनमध्ये त्या फोटोबरोबर जागाही होती, ठिपका थेट तिच्या घरावर. तो पाठवला आणि लिहिलं, "नंबर सोडा, ठिपक्यावर या. पहिला मजला, हिरवं दार."

दुपारी त्या मुलीनंच फोटो धाडला. आत्या होडीत, मांडीवर पिशवी. खाली लिहिलं होतं, "इंजेक्शन दिलं. आजी बऱ्या आहेत." हे लहान मुलासारखे रडले. मी मात्र छाती काढून घरभर हिंडले. का हिंडू नये?

पुढच्या नवरात्रात आत्यानं खालच्या पायरीवर एक लाकडी होडी मांडली. मी फोन काढला, तोच मागून हे म्हणाले, "अगं, ठिपका लावलास ना?"