शिवराजची सही

त्या सप्टेंबरात आमच्या युनिटची डिटॅचमेंट पूरमदतीसाठी संभाजीनगरला आली. दोन हेलिकॉप्टर, अकरा माणसं. मी विंग कमांडर, डिटॅचमेंटचा प्रमुख. काम गेवराई तालुक्यात, गोदाकाठी. उमापूर, तलवाडा भागातल्या वस्त्यांवर अन्न पोचवायचं, अडकलेले लोक उचलून आणायचे. मी बीडजवळच्या पालीचा, म्हणून मलाच पाठवलं. आपली माती, आपली माणसं, असं मी ब्रीफिंगमध्ये म्हणालोही होतो. ते वाक्य आज आठवलं की तोंड कडू होतं.

मी शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर. वडिलांचं किराणा दुकान होतं. पोरानं बांधकाम खात्यात चिकटावं, एवढीच त्यांची इच्छा. मी वायुसेनेत गेलो. खात्यात चिकटला तो माझा मेव्हणा शिवराज, माझ्या बायकोचा, सुनंदाचा, पाठचा भाऊ. सासरे लवकर गेले. शिवराजची कॉलेजची दोन वर्षं आमच्याच घरी झाली. माती, मुरूम, रोलिंग हे सगळं त्याला मी शिकवलं. तो पास झाला तेव्हा पेढेही मीच वाटले.

पहिल्या दिवशी दुपारी मी जीपने फिरून हेलिपॅडची जागा ठरवली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या बऱ्या माणसांचा काही दोष नाही. गावाबाहेर खडकाळ माळ होता. टाच आपटली तर टाच दुखावी असा. खाली शिवारात सगळी काळी माती. पावसाळ्यात ती वरून सुकलेली दिसते आणि आत लोण्यासारखी असते. तिथं उतरायचं नाही, हे मी लेखी दिलं.

दुसऱ्या दिवशी ०७४० ला टेकऑफ. माझ्यासोबत को-पायलट आणि फ्लाइट गनर सार्जंट रघुनाथन. दारात बसून खाली बघायचं, आम्हाला सांगायचं, माणसं ओढून आत घ्यायची, हे त्याचं काम. तो मदुराईकडचा. 'घाबरू नका' मराठीत कसं म्हणतात ते त्यानं आदल्या दिवशी मला विचारलं आणि तमिळ अक्षरांत तळहातावर लिहून घेतलं. एका वस्तीवरून तीन बायका आणि एक म्हातारा उचलला, तेव्हा तो तेवढंच ओरडत होता.

त्यांना उतरवून आम्ही अन्नाची पाकिटं भरली आणि माळाकडे निघालो. ०९०५ ला खालून पोलीस हवालदाराचा आवाज आला.

"सर, हेलिपॅड हलिवलंय. साहेबांच्या मंडपाजवळ या."

"कुणी हलवलं?"

"वरून निरोप हाय, सर. पाकिटं आमदार साहेबांच्या हातानं वाटायचीत."

"जमीन पक्की असल्याचं सर्टिफिकेट?"

"हाय ना. शिवराज साहेबांची सही हाय."

इथं मी चुकलो. दुसऱ्या कुणाची सही असती तर मी सरळ माळावर गेलो असतो. वरून बघितलं. लाल मुरूम, पांढरा एच, सगळं रेखीव. शिवराजला मीच शिकवलंय, असं मनाशी म्हणालो आणि उतरलो.

०९११ ला चाकं टेकली. यंत्र किंचित डावीकडे झुकलं.

"सर, लेफ्ट व्हील बसतंय," को-पायलट म्हणाला.

"रघुनाथन, उतर. बघ."

"यस सर."

तो उतरून वाकला. त्याच क्षणी मुरुमाखालची काळी माती सुटली आणि डावं चाक आत गेलं. मी वर ओढायच्या आत हेलिकॉप्टर त्याच बाजूला कलंडलं. पुढचं लिहीत नाही. को-पायलट आणि मी खरचटून बाहेर आलो.

बाहेर आल्यावर काय दिसलं ते मात्र लिहितो. चार माणसं धावत आली. मला वाटलं, आमच्याकडे येतायत. ती मंडपाकडे गेली आणि साहेबांचा बॅनर सोडायला लागली. फोटोत येऊ नये म्हणून. रघुनाथन तिथं पडला होता आणि ही माणसं सुतळ्या कापत होती. मला तिथंच ओकारी झाली. लोक म्हणाले, पायलटला मार लागलाय.

चौकशीच्या आदल्या दिवशी शिवराज घरी आला.

"दाजी, वाऱ्यानं झालं म्हना. तुमचं लई तर एक प्रमोशन जाईल. माझी नोकरी जाती."

"तू जागेवर गेलतास का?"

"न्हाई. कागद घरी आनून दिला त्यांनी. साहेबांना न्हाई कसं म्हनावं?"

"रोलर फिरवला होता?"

तो चहा तसाच टाकून उठला. सुनंदा दारात उभी होती. तो गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "आहे ते सांगा."

आहे ते सांगितलं. सर्टिफिकेट खोटं होतं. मी ते न तपासता मानलं. रघुनाथनला उतरवण्याची ऑर्डर माझी होती. माझं उड्डाण बंद झालं, पुढं मी राजीनाम्याचे कागद टाकले. शिवराज काही महिने सस्पेंड होता. मग त्याला परत घेतलं. साहेबांना कुणी बोलावलंही नाही. मोठ्यांच्या चुका आमच्याकडे वाऱ्याच्याच असतात.

दुसऱ्या वर्षी भाऊबीजेला शिवराज पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. कामावर रुजू झाल्याचे पेढे. सुनंदानं पाट मांडला, ताट केलं, निरांजन लावलं. मला त्याचं तोंड बघवेना, म्हणून आत जायला उठलो.

"थांबा," ती म्हणाली. मग भावाकडे वळली. "शिवा, त्या माणसाचं नाव काय होतं रे?"

"कोन्या मानसाचं, ताई?"

"हेलिकॉप्टरखाली गेला त्याचं."

शिवराजनं माझ्याकडे बघितलं.

"कायतरी अण्णा-बिण्णा होतं. मद्रासकडला होता न्हवं तो?"

सुनंदानं निरांजन फुंकून विझवलं. आमच्या घरात ते कधी कुणी फुंकलेलं नाही. ताट तिनं खाली ठेवलं.

"ऊठ," ती म्हणाली. "नाव पाठ झालं की ये."

तो अजून आलेला नाही. त्यानं फोनवर तेवढं विचारलं तरी मी सांगितलं असतं. नाव सार्जंट रघुनाथन, फ्लाइट गनर. वय चौतीस. मागं बायको आणि दोन मुली.