घोंगड्यात वाजलेली थंडी

“रक्तात जंतुसंसर्ग आहे. आत्ताच अ‍ॅडमिट व्हायचं,” डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी आधी माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं. आप्पा घोंगड्याची घडी घालत होते. ती काही केल्या जमेना.

किडन्या निकामी झाल्यापासून मी डायलिसिसवर होते. हातातली फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून मोठी केलेली शीर, अजून तयार नव्हती. तोवर मानेत नळी बसवलेली. नवरा शिक्रापूरला कारखान्यात, तिथेच खोली करून राहायचा. त्यामुळे यवतहून एसटीनं मला पुण्याला न्यायचं काम आप्पांनी घेतलं. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. एक सून सांभाळणं त्यांना सोपं वाटलं असावं!

मशीनवर गार वाटतंच, त्यात एसी. मी कुडकुडले की आप्पा घरचं घोंगडं पांघरायला द्यायचे. त्या दिवशीही दिलं, तरी दात वाजायचे थांबेनात. सिस्टरनी ताप पाहिला. ताप नव्हता. “एसीमुळं असेल आप्पा,” मीच म्हणाले.

आप्पांनी घोंगड्यात हात घालून पाहिला. “न्हाई पोरी. ह्याच घोंगड्यात म्या माळावर पुसातली थंडी काढलीया. ह्यात बी वाजतीया म्हंजी थंडी भायेरची न्हाई. सिस्टर, डाक्टरास्नी बोलवा.”

डॉक्टरांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं. एक तपासणी सीआरपीची. शरीरात कुठंही दाह असला की हे प्रथिन वाढतं. “डायलिसिसच्या पेशंटला संसर्ग असून ताप नसू शकतो,” डॉक्टर म्हणाले. “आणि सीआरपी एरवीही थोडा जास्तच असतो. म्हणून तुमचा आकडा तुमच्याच जुन्या आकड्याशी ताडायचा.” तो कितीतरी पट चढला होता. जिवाणूंच्या संसर्गात वाढणारं प्रोकॅल्सिटोनिनही बरंच वर होतं. नेमका जंतू ओळखणाऱ्या ब्लड कल्चरला वेळ लागणार होता, पण तोवर थांबणं धोक्याचं. कल्चरसाठी रक्त घेऊन अँटिबायोटिक सुरू केलं, नळी काढली.

मला फार भीती वाटली. माझी लेक तेव्हा बालवाडीत होती. तिची वेणी आता कोण घालणार, एवढंच सारखं मनात यायचं.

कल्चरमध्ये जंतू निघाले, नळीवाटेच शिरलेले. आप्पा रोज डॉक्टरांना गाठायचे, “आज आकडा उतारला का?” एके दिवशी डॉक्टर आपणहून म्हणाले, “उतरला, आप्पा.” आप्पा तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले.

तुमच्या घरी कुणी डायलिसिसवर असेल, तर हुडहुडीला एसीची थंडी समजू नका. ताप नसला तरी लगेच डॉक्टरांना सांगा.

आता फिस्टुला तयार झाली, डायलिसिस हातातून होतं. संसर्ग नको म्हणून घोंगडं आत न्यायला मनाई झाली, तेही बरोबरच. आप्पा ते मांडीवर घेऊन बाहेर बसतात. मी आले की आधी विचारतात, “थंडी वाजली का?”

“नाही, आप्पा.”

मग ते घोंगडं माझ्या खांद्यावर टाकतात आणि आम्ही एसटी गाठतो.